आधी रेक्टर, मग प्राचार्य

रयत शिक्षण संस्थेचा इतिहास स्मरणिकांमधून इतक्या वेळा छापून आला आहे की संस्थेच्या कुठल्याही शाखेतला पाचवीतला मुलगा २२ सप्टेंबरच्या भाषणात तो घडाघडा म्हणून दाखवतो. कराड तालुक्यातले काले गाव, ४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी, सत्यशोधकांची परिषद, संस्थेची स्थापना. पुढे साताऱ्याला स्थलांतर, गांधीजींची भेट, ‘कमवा आणि शिका’, पद्मभूषण. हे सगळे खरे आहे आणि पुन्हा सांगायलाही हरकत नाही. पण तीच सनावळी आणखी एकदा मांडण्यापेक्षा या लेखात एकच धागा धरला आहे. या संस्थेने आपले मुख्याध्यापक आणि प्राचार्य कोणत्या वाटेने आणले? इतरत्र ही वाट पदवीपासून निघते, वर्गावरून जाते आणि खुर्चीपाशी थांबते. रयतेत ती बराच काळ वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून गेली. संस्थेने या मुलखात जो बदल घडवला त्याचे मर्म, माझ्या मते, तिथेच आहे.

१९१९ हे साल आपल्या सातारा-सांगली भागाच्या दृष्टीने मोठे गमतीचे. त्याच वर्षी जूनमध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीजवळ विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. पाठीशी फर्ग्युसनची परंपरा, आजीव सदस्यांची शिस्त, गो. चि. भाटे यांच्यासारखे व्यासंगी प्राचार्य, आणि नाव नुकत्याच पायउतार झालेल्या गव्हर्नरचे. चार महिने जायच्या आत काल्याला जी संस्था निघाली तिच्याकडे धड इमारत नव्हती आणि तिचे संस्थापक कर्मवीर भाऊराव मॅट्रिकही नव्हते. दोन्ही संस्थांचे या भागावर उपकार आहेत. एकीला उणे ठरवून दुसरीला मोठे करण्यात अर्थ नाही. पण विलिंग्डनच्या दारापर्यंत पोचायचे तर मुलगा आधी मॅट्रिक व्हायला हवा, आणि मॅट्रिक व्हायचे तर आधी कुठेतरी हायस्कूल हवे. वाळवा, पाटण, खटाव, माण इथल्या बहुतेक गावांत प्राथमिक शाळेच्या पुढे काही नव्हते, कित्येक ठिकाणी तीही नव्हती.

आणि तेव्हा सातारा नि सांगली असे दोन जिल्हे नव्हतेच. खुद्द सांगली आणि मिरज ही संस्थाने; वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. भाऊराव ज्या मुलखात फिरले तो कृष्णा-वारणेच्या दोन्ही काठांचा असा एकसंध मुलूख होता. त्यांचा जन्म १८८७चा, कुंभोजचा. घर वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. म्हणजे संस्थेची कर्मभूमी सातारा असली तरी मूळ माती आजच्या सांगली जिल्ह्यातली. दुधगावचा विद्यार्थी आश्रम रयतेच्याही आधीचा, नेर्ल्याचे वसतिगृह अगदी सुरुवातीच्या काळातले. दोन्ही गावे आज सांगलीतच मोडतात.

भाऊरावांचा स्वतःचा प्रवास आजच्या निवड समितीपुढे ठेवला तर ती त्यांना मुलाखतीलाही बोलावणार नाही. कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून इंग्रजी सहावीपर्यंत मजल, शाहू महाराजांच्या वर्तुळाचा सहवास, मग साताऱ्यात शिकवण्या. त्यानंतर थेट किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री. पुढे सातारारोडला धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्यात ते उतरले आणि बिनसल्यावर बाहेर पडले. चरित्रांमध्ये हा भाग दोन ओळींत आटोपला जातो, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते अशी त्या वेळी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. अशा माणसाच्या हातात छापील पत्रक देऊन भागत नाही. नांगर त्याच्याच रानात, त्याच्याच बैलांना जुंपून चालवून दाखवावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारचा बघायला येईल याची वाट पाहावी लागते. भाऊरावांनी शिक्षणही याच रीतीने गावोगाव नेले. आधी प्रवचन नाही. आधी चार पोरे घेऊन ती शिकतात, जगतात, एकत्र जेवतात आणि कुणाला काही होत नाही हे दाखवायचे.

त्याची सुरुवात इस्लामपूरला झाली असे चरित्रकार सांगतात. तिथल्या शाळेत एक अस्पृश्य मुलगा वर्गाबाहेर बसवलेला त्यांना दिसला. त्यांनी त्याला उचलले आणि कोल्हापुरात मिस क्लार्क बोर्डिंगात नेऊन दाखल केले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. पुढे बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चे संपादकपद त्यांनी सांभाळले आणि मुंबई कायदेमंडळातही ते गेले. त्या शाळेच्या हेडमास्तरांशी वाद घालण्यात भाऊराव अडकले असते तर वाद जिंकलाही असता कदाचित, पण घोलप बाहेरच राहिले असते.

आता संस्थेची घडण कोणत्या क्रमाने झाली ते पाहा. आधी वसतिगृह. मग १९३५ साली शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. त्यातून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या जोरावर, जिथे शाळाच नाही अशा वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४२ मध्ये मुलींसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेज, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, १९५५ साली माध्यमिक शिक्षक घडवणारे आझाद कॉलेज. बहुतेक संस्था शाळेपासून सुरू होतात आणि पैसा जमला की वसतिगृह बांधतात. इथे उलटे. मुलगा शिकत नाही याचे कारण त्याला अक्कल नाही किंवा बापाला हौस नाही हे नसून, तालुक्याच्या गावी त्याने राहायचे कुठे आणि खायचे काय हे आहे, हे एकदा कळले की क्रम आपोआप ठरतो. पोट, मग मास्तर, मग शाळा, मग कॉलेज.

साताऱ्यातले वसतिगृह १९२४चे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, चांभार, लिंगायत अशी पोरे एका पंक्तीला बसत. घरून पैसे येणारे थोडे. कुणी ज्वारीचे गाठोडे आणी, कुणी तेही नाही. दळण, पाणी, लाकूडफाटा, झाडलोट, भाकऱ्या थापणे हे पाळीपाळीने. गावोगाव मुष्टिफंडाचे धान्य गोळा होई. अशा घरात रेक्टर म्हणजे काय? कोठीत किती दाणे शिल्लक आहेत हे ज्याला झोपेतही ठाऊक आहे असा माणूस. कुणाला ताप आलाय, कोण आज जेवला नाही, कोणाच्या बापाने ‘त्यांच्या हातचे खाल्लेस तर घरात पाऊल टाकू नकोस’ असा निरोप पाठवलाय, हे सगळे त्याच्या कानावर आधी येणार. बापाची समजूत काढायची, पोराला ठेवून घ्यायचे, आणि पंक्तीतली त्याची जागा बदलायची नाही. बदल घडवणे ज्याला म्हणतात ते इथे दिवसातून दोनदा, जेवणाच्या वेळी होत होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आपल्या इतिहासात भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनी येतात त्या मंगळसूत्रापुरत्या. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे सोने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे प्रत्येक भाषणात असते आणि टाळ्याही मिळवते. पण भाऊराव गावोगाव फिरत असताना बोर्डिंगातली लहान-मोठी पोरे कोण सांभाळत होते? सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सगळ्या जातींच्या पोरांचे खरकटे, आजारपण आणि हट्ट कोणाच्या मदतीने पाहत होती? संस्थेच्या पहिल्या रेक्टर त्याच. १९३० साली त्या गेल्या. कुठल्याही पदांच्या यादीत त्यांचे नाव नाही, कारण तेव्हा पदेच नव्हती. यादी करणाऱ्यांनी तरी ते पहिल्या क्रमांकावर घालायला हवे.

सयाजीराव हायस्कूलपासून ‘कमवा आणि शिका’ला रीतसर रूप आले. मुलाने शेतात, बांधकामावर, रस्त्यावर अंगमेहनत करायची आणि त्यावर शिक्षण घ्यायचे. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आज कमानींवर रंगवलेले असते. तेव्हा ते रोजच्या कुदळ-फावड्याच्या हिशेबात लिहिले जाई. कोणी किती काम केले याची नोंद ठेवणारा आणि संध्याकाळी तीच पोरे अभ्यासाला बसवणारा माणूस एकच. छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा मोठी देणगी देऊ, पण नाव बदला, अशी एका धनिकाची सूचना आल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. भाऊरावांनी ती धुडकावली. पैशाची गरज नव्हती म्हणून नव्हे. गरज तर कायमच होती.

मग १९४८. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारशी खटका उडाला आणि संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. अनुदान नसताना शंभर शाळा काढायच्या म्हणजे शंभर हेडमास्तर हवेत, आणि तेही असे की पगार कधी होईल हे विचारणार नाहीत. हे हेडमास्तर आले कुठून? जाहिरातीतून नाही आले. बोर्डिंगात भाकऱ्या थापलेली, खडी फोडलेली, ट्रेनिंग कॉलेजात किंवा शिवाजी कॉलेजात शिकलेली पोरेच ती. संस्थेचे पत्र आणि वळकटी घेऊन माणूस एखाद्या गावी उतरायचा. देवळात, चावडीत, नाहीतर कुणाच्या पडक्या वाड्यात आठवीचा वर्ग भरायचा. रात्री तिथेच पथारी. सकाळी गावकऱ्यांच्या दारात: मुलगा द्या, जागा द्या, दगड आणून टाका. मुख्याध्यापकाला हे जमले कारण त्याने आयुष्यात हेच केलेले होते. दोन गटांत विभागलेल्या गावाकडून शाळेसाठी एक जागा मिळवणे आणि बोर्डिंगातल्या दोन भांडणाऱ्या पोरांना एका खोलीत ठेवणे यात कौशल्य तेच लागते. १९५९ साली भाऊराव गेले तेव्हा संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभराच्या वर गेल्या होत्या. त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने एप्रिलमध्ये डी.लिट. दिली आणि ९ मे रोजी ते निवर्तले.

या वाटेने आलेल्या दोन प्राचार्यांविषयी जरा सविस्तर लिहितो. पहिले बॅरिस्टर पी. जी. पाटील. भाऊरावांच्या हाताखाली वाढलेला हा विद्यार्थी बॅरिस्टर होऊन आला. त्या काळात बॅरिस्टर म्हणजे मुंबईचे हायकोर्ट, किंवा निदान राजकारण. पी. जी. साताऱ्याला आले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि १९७५ ते ७८ या काळात शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. कुलगुरुपदानंतरही त्यांची ओढ मुळाकडेच होती. जोतीराव फुल्यांच्या लेखनाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले, ते महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. आणि भाऊरावांचे विस्तृत इंग्रजी चरित्र लिहिले, त्याचे नावच ‘द बाउंटिफुल बॅनियन’. गुरूचे चरित्र शिष्याने लिहिले की ते भक्तीकडे झुकते, हेही थोडे झुकते. पण बोर्डिंगाच्या आतल्या जगण्याची इतकी बारीक माहिती बाहेरच्या संशोधकाला मिळणेच शक्य नव्हते.

दुसरे प्रा. एन. डी. पाटील. वाळवा तालुक्यातल्या ढवळीचे, १९२९ सालचा जन्म, शेतकऱ्याचे घर. १९५४ ते ५७ ही तीन वर्षे ते शिवाजी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्याच वेळी ‘कमवा व शिका’ योजनेचे प्रमुख आणि रेक्टर. भाऊरावांच्या अखेरच्या काळातली ही वर्षे. मग मुंबईत गिरणी कामगारांच्या संघटनेचे काम, १९५९ पासून रयतेच्या मॅनेजिंग कौन्सिलवर, आणि १९६० साली इस्लामपूरच्या कॉलेजचे प्राचार्य. ज्या गावात घोलप वर्गाबाहेर बसले होते त्याच गावात रयतेचे कॉलेज आणि त्याच्या प्राचार्यपदी कमवा-शिकाचा रेक्टर, एवढे अंतर अर्ध्या शतकात कापले गेले होते. एन. डी. त्या खुर्चीत फार काळ रमले नाहीत. शेतकरी कामगार पक्षाचे राजकारण, अठरा वर्षे विधान परिषद, १९७८ ते ८० सहकारमंत्री, १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभा. त्यांच्या राजकारणाशी संस्थेतल्याच अनेकांचे पटत नसे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १९९० मध्ये संस्थेचे चेअरमनपद त्यांच्याकडे आले आणि २००८ पर्यंत राहिले, ते राजकीय वजनामुळे नव्हे. शेकापचे वजन तोवर किती उरले होते हे सगळ्यांनाच ठाऊक आहे! शिक्षणाचा बाजार होऊ नये, गरिबाचे पोर फीसाठी अडू नये, हे ते चेअरमनच्या खुर्चीतून बोलत तेव्हा त्यामागे रेक्टरचा अनुभव असे. पुढे वयाच्या नव्वदीच्या आसपासही सरकारी शाळा बंद करण्याच्या धोरणाविरुद्ध ते कोल्हापुरात उभे राहिले. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

सगळेच इथे टिकले असेही नाही. पाटण तालुक्यातल्या रामापूरचे बापूजी साळुंखे भाऊरावांबरोबर काम करून पुढे वेगळे झाले आणि १९५४ साली त्यांनी श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था उभी केली. आपल्याकडच्या स्मरणिका अशी नावे टाळतात. टाळू नयेत. आपल्या हाताखालचा माणूस बाहेर पडून दुसरी मोठी संस्था काढतो, यात कमीपणा कसला?

आता आजचे. संस्थेच्या माध्यमिक शाळा चारशेच्या वर आणि महाविद्यालये चाळीसच्या वर आहेत. २०१९ मध्ये शताब्दी झाली, साताऱ्यात कर्मवीरांच्या नावाने विद्यापीठ झाले. मुख्याध्यापक होण्याची वाट मात्र बदलली. सहशिक्षक, पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक, मुख्याध्यापक; सेवाज्येष्ठतेची यादी, उन्हाळ्यातली बदली, नवी शाखा. वसतिगृहे पूर्वीसारखी भरत नाहीत, आणि त्याचे एक कारण संस्थेचे यशच आहे: गावोगाव हायस्कूल झाले, एस.टी. झाली, मुलगा घरी राहून शिकू लागला. त्यामुळे आज एखादा रयत सेवक एकही रात्र वसतिगृहात न काढता निवृत्त होऊ शकतो. दिवसभर तो शालार्थ, सरल, यू-डायस या सरकारी पोर्टलांच्या आणि संचमान्यतेच्या फेऱ्यात असतो. सर्व्हर चालू आहे का, या प्रश्नाने त्याची सकाळ सुरू होते.

मुख्याध्यापकांच्या कुठल्याही बैठकीत दोन तक्रारी ऐकू येतात. एक, माहिती भरता भरता शिकवायला वेळ उरत नाही. दुसरी, आम्ही शिकवायचे की खिचडी शिजवायची? पहिली तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि संस्थेने ती सरकारदरबारी आणखी मोठ्याने मांडायला हवी. दुसरी तक्रार रयतेच्या मुख्याध्यापकाच्या तोंडी मला पटत नाही. शालेय पोषण आहाराच्या नोंदवह्यांचा जाच खरा असेल, पण ती पंगत म्हणजे आपल्या संस्थेचा पहिला वर्ग. आज कोण कमी जेवला, कोण घरी नेण्यासाठी डब्यात भरतोय, कोण वेगळा बसतोय, हे जो मुख्याध्यापक तिथे उभा राहून पाहतो त्याला त्या गावाविषयी जे कळते ते कुठल्याही पोर्टलवर मिळणार नाही. नव्याने मुख्याध्यापक होणाऱ्या प्रत्येकाला संस्थेने आधी वर्षभर एखाद्या वसतिगृहाचे रेक्टर करावे, अशी माझी सूचना आहे. ती व्यवहार्य नाही असे सांगणारे भेटतील. १९४८ साली १०१ हायस्कुलांविषयीही हेच सांगितले गेले असणार.

शेवटी वाचकांना एक विनंती. भाऊराव, वहिनी, पी. जी., एन. डी. यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. देवळात शाळा भरवणाऱ्या त्या शंभर हेडमास्तरांविषयी मात्र जवळजवळ काहीच नाही. त्यांच्या हातच्या हजेऱ्या, बोर्डिंगाच्या धान्याच्या वह्या, कमवा-शिकाच्या कामाच्या नोंदी, गावाने जागा दिल्याची पत्रे, पंक्तीचे किंवा श्रमदानाचे फोटो आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पडून असतील. ते रद्दीत घालण्याआधी आपल्या शाखेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा साताऱ्यात संस्थेच्या मुख्य कार्यालयात पोचवावेत. मूळ कागद देणे शक्य नसेल तर निदान झेरॉक्स द्यावी, आणि मागे गावाचे नाव, साल नि फोटोतल्या माणसांची नावे लिहून द्यावीत.